विचारायला माणूस

मागच्या जुलैतली गोष्ट. रविवार, बाहेर पावसाची रिपरिप, पोहे खाऊन दुसरा चहा झालेला आणि मी पेपर तोंडावर घेऊन लोळत पडलेलो. अशात शाळेतल्या एका मित्राचा फोन आला, घरी आहेस का, पोरीचा फॉर्म भरायचाय. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीचा ऑप्शन फॉर्म, कॉलेजं पसंतीने वर-खाली लावायचा. अर्ध्या तासात बापलेक हजर. याची नऱ्ह्याला फॅब्रिकेशनची शेड आहे, पंधरा-वीस पोरं कामाला, खाली लावलेली गाडी माझ्या गाडीच्या दुप्पट किमतीची, आणि हा बाबा माझ्या सोफ्याच्या पार कडेला, मांडीवर चेनची फाइल घेऊन, असा बसला होता की जणू मी कुठला तरी साहेब आणि याचा नंबर अजून यायचाय. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक काळे डाग, ते आता जायचे नाहीत. लॉगिन झालं, ओटीपी आला, मी कॉलेजं वर-खाली करत होतो, मुलगी शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होती, आणि हा कप खाली ठेवत म्हणाला, "तुमचं बरं असतं रे. तुमच्या घरात विचारायला माणूस असतो."

सहज म्हणाला. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

लागायचं कारण असं की माझीपण एक ठरलेली गोष्ट आहे, पुण्यात माझ्या वयाच्या बऱ्याच जणांची असते. आम्ही कसे दोन खोल्यांत राहिलो, वाड्यातल्या सार्वजनिक संडासापुढे सकाळी डबा घेऊन कसे उभे राहायचो, थोरल्या भावाची पँट खालून उसवून मी कशी वापरली, बाबांचा पगार वीस तारखेलाच कसा संपायचा, आणि त्यातूनही आम्ही कसे शिकलो. मुलाला ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकवलीय की मी "आमच्या वेळी" म्हटलं की तो हेडफोन शोधायला लागतो. आता यात खोटं काहीच नाही, पँट खरी, संडासाची रांगपण खरी. पण त्याच सदाशिव पेठेतल्या वाड्यात, मागच्या बाजूला नळाजवळच्या एका खोलीत हा मित्र राहायचा. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल, आई चार घरी पोळ्या करायची आणि त्या चार घरांतलं एक आमचं. आम्ही दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर, एकाच मास्तरांची छडी खाल्लेले. तोंडी हिशोबात तर तो माझ्या कितीतरी पुढे होता, वाण्याकडे गेलो की वाण्याच्या आधी याचा हिशोब तयार. म्हणजे गरीब दोघंही होतो असं आपलं मी धरून चाललेलो. त्या रविवारपासून मात्र आमच्या त्या दोन खोल्यांत नक्की काय काय होतं ते आठवत बसलोय, आणि यादी काही संपत नाहीये.

पुठ्ठा निघालेली एक डिक्शनरी होती. रोजचा पेपर होता आणि त्यातल्या अग्रलेखावरून बाबा आणि काका यांचं भांडण होतं, जे रात्री जेवताना ऐकता ऐकता आम्हाला वाद कसा घालायचा ते फुकटात कळलं. काका फर्ग्युसनचे बीएस्सी. आत्या शाळेत शिक्षिका. बाबा सरकारी ऑफिसात क्लार्क, साधेच, पण अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या वाड्यात कुणी नव्हता. रेशनकार्डात नाव घालायचं असो की मीटर बदलून घ्यायचा असो, संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं यायची, बाबा पेनात शाई भरायचे, आधी निब कागदाच्या कोपऱ्यावर दोनदा घासायचे आणि मग "मा. महोदय" सुरू. आम्ही ते रोज बघायचो. सरकारी माणसाला घाबरायचं नसतं, त्याला फक्त बरोबर विषय लिहून द्यायचा असतो, हे मला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. नववीत मी गणितात गटांगळ्या खायला लागलो तेव्हा आत्याने तिच्या शाळेतल्या एका सरांना गाठलं, ते पैसे न घेता शिकवायला तयार झाले. याला आम्ही मदत वगैरे काही म्हणायचो नाही. सर ओळखीचे होते, एवढंच.

आणि मग नापास व्हायचा विषय. माझा थोरला भाऊ बारावीला उडाला, आणि त्याच वर्षी हा मित्र दहावीला, गणित आणि इंग्रजीत. आमच्याकडे त्या रात्री सुतकासारखं वातावरण होतं, आई रडली, बाबा बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी काका आले, मग आत्या आली, आणि चहाबरोबर बैठक बसली. ऑक्टोबरचा फॉर्म कधी निघतो, कुठले विषय परत द्यायचे, क्लास कुणाचा लावायचा, नाहीच जमलं तर डिप्लोमा आहेच. भाऊ ऑक्टोबरला सुटला. आज त्याचा बाणेरला फ्लॅट आहे आणि ते नापास होणं आमच्या घरात आता विनोद म्हणून सांगतात. मित्राच्या खोलीत त्या रात्री ना रडारड झाली ना बैठक. त्याच्या आईला ऑक्टोबर नावाचा काही प्रकार असतो हेच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तेव्हा त्या घराला ऑक्टोबरपर्यंत थांबणं परवडलं नसतं. सोमवारी हा शुक्रवार पेठेतल्या एका गॅरेजात स्पार्क प्लग पुसत होता.

परीक्षा दोघांनीही घालवली होती. एकाला परत बसायला मिळालं.

आमच्या आजोबांची गोष्ट तर घरात पोथीसारखी वाचली जाते. कोकणातून पुण्याला आले, खिशात काही नाही, वार लावून जेवले आणि मॅट्रिक झाले. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. पुण्यातल्या कितीतरी घराण्यांत अशी वारांची आणि माधुकरीची गोष्ट असते, सांगताना आवाज जरा ओला होतो, आणि व्हावाच, परक्याच्या घरी ताट कधी वाढलं जातंय याची वाट बघत बसणं सोपं नाही. पण आता वाटतं, ते सात दिवसांचे सात दरवाजे उघडले ते आजोबांची अक्कल बघून थोडेच? ते उघडले आडनाव ऐकून. नळाजवळच्या खोलीतला कुणी मुलगा त्याच काळात त्याच घरी गेला असता तर त्याला ताट कुठे वाढलं असतं आणि वाढलं असतं का, याचं उत्तर आमच्या पोथीत नाही. हे मी भावाला बोलून दाखवलं तर तो म्हणाला तू हल्ली फार विचार करतोस, बीपी चेक करून घे.

परवा दगडूशेठला गेलो होतो, समोर भिडेवाड्याची जागा. तो वाडा २०२३च्या डिसेंबरात पाडला, तिथे स्मारक होणारे. १८४८ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे, हे सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र त्याच्या आधीची एक बारीकशी गोष्ट राहून राहून आठवते. जोतीरावांना वडिलांनी शाळेतून काढलं होतं. गोविंदराव काही वाईट बाप नव्हते, फुलांचा आणि भाजीचा धंदा, मुलगा कामाला लागला तर बरं, आणि शिकवून काय करायचंय असं सांगणारे आजूबाजूला होतेच. मग शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, पोरगा हुशार आहे, शाळेत घाला म्हणून, आणि १८४१मध्ये जोतीराव परत शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या. पुढचं सगळं त्यांचं कर्तृत्व, त्यात वाद नाही. पण त्या दोन शेजाऱ्यांनी म्हटलं असतं की जाऊ दे, आपल्याला काय करायचंय, तर? १८८२ला हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे मांडलं ना, की सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाकडेच जातोय आणि निदान बारा वर्षांपर्यंत सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ते वाचताना मला नेहमी वाटतं की या माणसाला नक्की माहीत होतं की आपण किती थोडक्यात वाचलो. सगळ्यांच्या शेजारी मुन्शी राहत नाहीत, तेव्हा कायदाच करा. सगळ्या देशासाठी तो कायदा २००९ला आला. मधली वर्षं ज्याची त्याने मोजावीत.

मित्रालाही त्याचा मुन्शी भेटला, जरा उशिरा. गॅरेजातून हा भोसरीच्या एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला, तिथे साताऱ्याकडचे एक सुपरवायझर होते. ते स्वतः रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेले, कमवा आणि शिका, पहाटे शेतात पाणी धरायचं आणि मग आंघोळ करून वर्गात बसायचं. (कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला रयत काढली, आणि त्यांच्याकडे स्वतःकडे डिग्री नव्हती, हे मला या मित्रानेच सांगितलं, सुपरवायझरांनी त्याला सांगितलेलं.) तर हे साहेब जेवणाच्या सुट्टीत शॉपच्या फरशीवर खडूने ड्रॉइंग काढायचे. हा समोरून दिसणारा भाग, वरून बघितलं तर काय दिसतं ते याच्या खाली काढायचं, ही आपल्याकडची पद्धत, पण अमेरिकन ड्रॉइंग आलं तर तेच वर असतं, म्हणून आधी कोपऱ्यातलं चिन्ह बघ मग हत्याराला हात लाव, नाहीतर अख्खा जॉब उलटा बनवशील. मित्र म्हणतो, दहावीत भूमितीचं पुस्तक बघून पोटात गोळा यायचा, आणि फरशीवर ते आठवड्याभरात डोक्यात बसलं, कारण समोर लोखंडाचा तुकडा होता, उचलून फिरवून बघता येत होता. त्याच साहेबांनी मागे लागून त्याला १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरायला लावला. तोपर्यंत याचं लग्न झालेलं. दिवसा काम, रात्री पुस्तक, बायको समोर बसून इंग्रजीचे स्पेलिंग विचारायची, तिलाही ते येत नव्हते, पुस्तकात बघून विचारायची. पस्तीस-छत्तीस करत दहावी निघाली. पेढे वाटले नाहीत म्हणे, थेट फॅक्टरीत गेला आणि निकालाची झेरॉक्स साहेबांच्या टेबलावर ठेवली.

पुढची शेड, गाडी वगैरे काही नुसत्या जिद्दीवर झालं असं तो स्वतःही सांगत नाही. नऱ्हे गाव होतं तेव्हा त्याने दोन गुंठे घेऊन ठेवले होते, बायकोचे दागिने मोडून, आणि मग हायवेच्या कडेचं सगळंच वाढलं, २०२१ला नऱ्हे महापालिकेत आलं, त्या दोन गुंठ्यांनी जे दिलं ते वेल्डिंगने वीस वर्षांत दिलं नाही. हे तो हसत सांगतो. यशाच्या कथा सांगताना पुण्यातले लोक हा जागेचा भाग खुबीने गाळतात, मग ते शेडवाले असोत नाहीतर आमच्यासारखे वाड्याच्या रिडेव्हलपमेंटमध्ये फ्लॅट मिळालेले असोत.

शाळेच्या ग्रुपवर मात्र हा आमचा सगळ्यांचा लाडका दाखला. महिन्यातून एकदा कुणीतरी टाकतंच, की बघा, वर्गातले स्कॉलर नोकऱ्या करतायत आणि दहावी नापास मालक झाला, शिक्षणात काही नसतं मित्रांनो, खाली टाळ्यांचे हात. आता हे टाकणारा जो आहे त्याने स्वतःच्या मुलाला आठवीपासून फाउंडेशनचा क्लास लावलाय, फी ऐकलीत तर घेरी येईल. शिक्षणात काही नसतं असं म्हणणाऱ्या एकाही माणसाने आपलं पोरगं शाळेतून काढून गॅरेजात लावलेलं मी अजून बघितलेलं नाही. हा मित्र त्या मेसेजवर कधीच काही लिहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अरे पोट भरलं माझं, चांगलं भरलं. पण कंपनीत मीटिंगला बोलावतात ना, तिथे पंचवीस वर्षांचा पोरगा स्लाइड दाखवतो आणि माझ्या वेल्डमध्ये काय चुकलं ते इंग्रजीत सांगतो. त्याचं चुकतंय हे मला कळत असतं. पण बोलता येत नाही, मग मी डिप्लोमावाल्या पोराला पाठवतो आणि आपण बाहेर गाडीत बसतो." जीएसटीची नोटीस आली की पोर्टलवरची ती दोन पानं वाचायला याला सीए लागतो, आणि त्यात पैशाचा खर्च आहेच, पण दोन दिवस झोप लागत नाही तो वेगळा. तरी पोरांना फॉरवर्ड करायला ही गोष्ट छान आहे.

आमचा वाडा आता नाही. तिथे बिल्डिंग झालीय आणि तळमजल्यावर अभ्यासिका, चोवीस तास चालू, खुर्च्यांना नंबर. हिंगोली, बीड, नांदेड, जालना, सगळीकडची पोरंपोरी. रात्री अकराला खालच्या अमृततुल्यवर उभं राहिलं की एमपीएससीचा अख्खा अभ्यासक्रम कानावर पडतो, आणि मधेच कुणीतरी बाजूला जाऊन घरी फोन करतं, आवाज खाली, हो आई, जेवलो, हो, या वेळी निघेल. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आहे, त्यामुळे आशेला जागा पुष्कळ, आणि तिकडे सोयाबीनला भाव काय मिळाला यावर इकडची मेस ठरते. माझा एक भाचाही नोकरी सोडून दीड वर्ष घरी होता, स्वतःला शोधत होता म्हणे, त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, उलट त्याची आई त्याच्या आवडीचं करून घालत होती. चहाच्या टपरीवरच्या पोरांना एवढा निवांतपणा नाही. पण एक गोष्ट मला तिथे फार बघण्यासारखी वाटते, ही पोरं एकमेकांना सगळं सांगतात. कुठला दाखला कुठल्या तारखेआधीचा चालतो, कुठल्या मेसमध्ये महिन्याचे पैसे उशिरा दिले तरी चालतात, मुलाखतीला काय विचारलं. ज्यांच्या घरात विचारायला कुणी नाही त्यांनी मिळून आमच्या जुन्या ओट्याच्या जागेवर आपली सोय केलीय.

बरं, तो फॉर्म. मित्राच्या मांडीवरची फाइल मी उघडली आणि गप्पच झालो. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकलेला, प्रमाणपत्र हातात, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाइल, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळं, वर स्केचपेनने नाव. हे ओबीसी, म्हणजे पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हटलं की सगळे पहिल्यांदा मागतात तो बापाचा नाहीतर आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला. आता याचे वडील शाळेत गेलेच नाहीत तर सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? पोरीला शिकायचंय तर आजोबा शिकलेला हवा, असा तो प्रकार. हा गडी भोर तालुक्यातल्या मूळ गावी आणि तिथून तालुक्याला खेटे घालत राहिला, कोतवाल बुकाच्या जुन्या नोंदी काढायला लावल्या, आणि एका चुलत आजोबाच्या जन्माच्या नोंदीत मोडीत लिहिलेली जात सापडली, ती वाचणारा माणूस परत पुण्यात येऊन शोधला. आमच्या बाबांना हे सगळं ओट्यावर बसल्या बसल्या आलं असतं. याने ते एकेकाला विचारत, अपमान गिळत, शेडचं काम सांभाळून केलं. आणि तरी सोफ्याच्या कडेला बसला होता.

मग आमची तिघांची वादावादी झाली. सीईटीचं पर्सेन्टाइल शहाण्णवच्या आसपास, म्हणजे सीओईपीचं कॉम्प्युटर विसरायचं, ते मी आधीच सांगून टाकलं. मित्राचं म्हणणं, कुठलंही कॉलेज दे पण कॉम्प्युटर दे, एसीत बसेल, हाताला डाग नकोत. मीही त्याचीच री ओढत होतो, आयटी, एआय, डेटा सायन्स, माझ्या ऑफिसातल्या लोकांची पोरं जे जे घेतात ते सगळं. मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "काका, मला मेकॅनिकल वर टाकायचंय." बाप एकदम ताठ. ती शांतपणे सांगत होती, मला मिग आणि टिग वेल्डिंगमधला फरक सहावीपासून माहितीये, पत्रा वाकवताना तो किती परत फिरतो ते मला बघून सांगता येतं, वर्गातल्या कुणाला येत असेल? "पप्पा गाडीत बसतात ना, तिथे आत जाऊन मी बोलेन." त्या फॉर्ममध्ये उत्पन्न, जात, जिल्हा सगळ्याला रकाना आहे. लहानपणी शेडमध्ये अभ्यास केला याला नाही. आणि खरं सांगू, माझ्याही डोक्यात तो रकाना नव्हता, मी तिच्या घराकडे नुसतं काय काय नाहीये एवढंच बघत होतो. मित्र म्हणाला, अगं पॅकेज बघ. ती म्हणाली, बघितलंय. मी माउस तिच्या हातात दिला आणि चहा टाकायला उठलो.

मेकॅनिकल मिळालं, पुण्यातच. तिचं पहिलं वर्ष चालू आहे, वर्कशॉपचा जॉब सगळ्यात आधी तिचा होतो आणि मॅथ्स टूला घाम फुटलाय असं कळतं. बाप अजून रुसलेला. कॉम्प्युटरवाल्यांचे आकडे पेपरात आले की कात्रणाचा फोटो मला पाठवतो, खाली काही लिहीत नाही. तिचं बरोबर की त्याचं, मला सांगता यायचं नाही, मंदी आली तर दोघांचंही चुकलेलं असू शकतं. परवा रात्री त्याचा फोन आला, मेकॅनिकलवाल्यांना बाहेर एमएस करायला जायचं तर काय करावं लागतं रे, आत्तापासून काही भरायचं असतं का? मला कुठे ठाऊक. मी म्हटलं थांब, आणि त्या स्वतःला शोधणाऱ्या भाच्याला फोन लावला, त्याचा एक मित्र जर्मनीत आहे.